धनाजीरावांचे रविवारचे प्रश्न

छाणी गावच्या एका कारखान्यात वसुंधरा शिर्के एक्स-रे तपासायची. माणसांचे नव्हे, पोलादी नळ्यांचे. लढाऊ विमानातून सुटून दूरवरच्या विमानाला गाठणारं लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र तयार होत होतं. त्याचं इंधन ज्या नळीत भरायचं, तिचे सांधे इथे जोडले जात. सांध्यात बारीकशी भेग दिसली तरी ती नळी बाद करायची. घरी मात्र तिने फक्त "पाइपांचं काम" एवढंच सांगितलं होतं.

तिच्या नवऱ्याचे, श्रीकृष्णचे, जुने स्नेही धनाजीराव कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाले होते. रविवारी चहाला यायचेच. एकदा त्यांनी सहज विचारलं, "वहिनी, तुमच्या त्या पाइपांतलं इंधन एका दमात जळतं, की दोनदा पेटतं?"

पाइपांत इंधन भरतात हे वसुंधराने घरी कधीच सांगितलं नव्हतं. असलं हे विचारतात कसे?

"मला काय ठाऊक, भाऊजी? शेव घ्या ना."

पुढच्या रविवारी पुन्हा तोच विषय, आणि टेबलावर त्यांचा मोबाइल उताणा. पडद्यावर रेकॉर्डिंगची रेघ हलत होती. वसुंधराने पुन्हा "मला काय ठाऊक" एवढंच म्हटलं.

ते गेल्यावर तिने श्रीकृष्णला सांगितलं. तो चिडलाच. "धनाजीवर संशय घेतेस? तुझ्या ऑपरेशनला रात्रभर दवाखान्यात बसला होता तो."

तरीही दुसऱ्या दिवशी ती कारखान्याचे सुरक्षा अधिकारी फत्तेसिंहराव यांच्यापुढे उभी राहिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे विचारलं, "तुम्ही काय काय सांगितलंत त्यांना?"

"काहीच नाही."

"बघू. तोवर एक्स-रेच्या फिल्मना हात लावू नका."

चौकशी होईपर्यंत तिला स्टोअरमध्ये बसवलं. डब्याच्या वेळी शेजारी बसणाऱ्या बायका दुसरीकडे बसू लागल्या. श्रीकृष्णही कामापुरतंच बोलायचा. आपण चुकलो तर नाही ना, असं तिला वाटू लागलं.

मग चौकशीत सगळं बाहेर आलं. आकांक्षा नावाची कुणी बाई फोनवर धनाजीरावांना काका म्हणायची, संशोधनासाठी माहिती हवी म्हणायची. तिने दिलेल्या पत्त्यावर त्या नावाचं कुणी राहत नव्हतं. धनाजीराव भोळेपणाने तिला रविवारच्या गप्पा रेकॉर्ड करून पाठवत होते. त्या रेकॉर्डिंगमध्ये वसुंधराचं एकच उत्तर होतं, "मला काय ठाऊक", आणि त्यानेच ती सुटली.

धनाजीराव स्वतः आले. दारातच थांबले. "मला खरंच कळलं नाही हो, वहिनी."

"जाणते मी. आत या."

ते आत आले नाहीत, नंतरही कधी नाही.

वसुंधरा पुन्हा फिल्म बघू लागली. काही महिन्यांनी क्षेपणास्त्राची चाचणी यशस्वी झाल्याची बातमी आली. जेवता जेवता श्रीकृष्णने कौतुकाने विचारलं, "यात तुमच्या कारखान्याचं काही होतं का गं?"

तिने त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं.

"भात वाढू का?" ती म्हणाली.