भोकाचा काठ

जळगावच्या कॉलेजात मी मेकॅनिक्स शिकवते. दर शनिवारी एरंडोल-पारोळा करत एसटीने धुळ्याला जायचे आणि पीएचडी नावाचं दुखणं अंगावर काढायचे. गाइड मूळ पिंपळनेरचे. वर्गात छापील मराठी, चिडले की अहिराणी.

विषय साधाच, लोकांनी उगाच बाऊ केलाय. पत्रा ओढला की आत कुठे किती ताण येतो, ते काढायचं. थेट ताणांच्या मागे लागलं तर समतोल सांभाळताना नाकी नऊ येतात. म्हणून ताण-फलन नावाचं एक फंक्शन घ्यायचं. त्याचं दोनदा डेरिव्हेटिव्ह काढलं की ताण मिळतात आणि समतोल आपोआप साधतो. मिश्र पद्धतीत पत्र्याचे लहान तुकडे करून फलन आणि ताण दोन्ही एकदम शोधतात. सासू-सून एकाच चुलीवर, पण स्वयंपाक होतो.

हे करणारा संगणकाचा कोड तपासायचा पत्रा ठरलेला असतो. रुंद पत्रा, मधोमध बारीक गोल भोक. ओढला की भोकाच्या काठावर ताण बाकी पत्र्याच्या तिप्पट व्हायला हवा. माझा साडेपाचपट.

"तीन कोठे ग्या वं माय?" सर दर शनिवारी विचारायचे. तीन आल्याशिवाय प्रबंधावर सही नाही, आणि माझी मुदत त्याच सत्रात संपत होती. मी तुकडे बारीक केले, कोड नव्याने लिहिला. साडेपाच ढिम्म हललं नाही.

वैतागून भोकच काढून टाकलं. उत्तर चोख! म्हणजे भानगड भोकात होती. जिथे भार नाही तिथे फलन शून्य, ही आमच्या विभागाची रीत, सरांनी घालून दिलेली. बाहेरच्या काठावर कुठूनतरी सुरुवात करायलाच लागते, तिथे शून्य चालतं. भोकाच्या काठावरची किंमत मात्र आपण ठरवायची नसते. अज्ञात म्हणून सोडली की गणितच ती शोधतं. मी सोडली आणि तीन आले.

मी खोलीभर नाचले. मग आठवलं. सरांचा स्वतःचा प्रबंध भोकाच्या पत्र्यांवर होता. तो काचेच्या कपाटात असायचा, दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालायचे. त्यातलं प्रत्येक भोक शून्याला बांधलेलं.

तीन बघून सर इतके खूष झाले की तिथेच सही केली, कसे आले ते विचारलंच नाही. मीही घाईघाईने पुढचं पान उलटलं.

समितीसमोर बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. "तुमच्या विभागात तर इथे शून्य घेतात. मग चुकलं कोण?"

आमच्याकडे अशा वेळी म्हणायचं वाक्य तयार असतं. "सरांच्या मार्गदर्शनाखाली..." मी सुरू केलं. माझीच मला किळस आली.

सर उठले. फळ्यावरचं माझं समीकरण बराच वेळ वाचत राहिले. मग वळले, आणि चिडलेले नसतानाही अहिराणीत बोलले.

"मी बांधाले सांगं व्हतं, तिनी सोडी दिधं. तीच बरोबर शे."

समितीचीही सही झाली. एसटीत मी पारोळ्यापर्यंत रडले, शेजारच्या अक्कांनी विचारपूस न करता केळं दिलं.

पुढच्या शनिवारी पेढे घेऊन गेले. कपाट उघडं होतं. सरांनी आपला प्रबंध भोकाच्या पानावर उघडून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "आते हाई बी सोडी दे."