अकरा वेण्या आणि अक्काची भांडी

सांगते, पण आधी एक कबूल करा. गोष्ट संपेपर्यंत कुणी माझ्या डोक्याकडे बघायचं नाही. चहाकडे बघा, खिडकीबाहेर बघा. कबूल? मग ऐका, शिकलेली मुलगी किती हुशार असते ते.

धारवाडला केलगेरीच्या बाजूला आमचं घर. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि जगाचं काय काय चुकतंय ते मला सगळं ठाऊक होतं. घरात अप्पा आणि अक्का. अप्पा म्हणजे माझे वडील, कोर्टात वकील. अक्का त्यांची थोरली बहीण, शाळेत कन्नड शिकवून निवृत्त झालेली. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे मला वाढवलं अक्कानं आणि बिघडवलं, तिच्या मते, अप्पांनी.

मला पुण्याला जाऊन समाजकार्य शिकायचं होतं. फॉर्म आणून ठेवला होता. पालकांच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती. अप्पा रोज तो फॉर्म खटल्याचे कागद वाचावेत तसा वाचायचे आणि बाजूला ठेवायचे.

एके दिवशी म्हणाले, ‘‘समाज सुधारणार म्हणतेस. आधी या गल्लीकडून एक चांगलं काम करून घेऊन दाखव. एकच. मग सही.’’

‘‘करून दाखवते. बघाच तुम्ही!’’

‘‘गल्लीचं राहू दे,’’ अक्का आतून म्हणाली, ‘‘परवापासून सांगायलीय, ओला टॉवेल पलंगावरनं उचल म्हणून. उचललास?’’

आता असल्या घरात क्रांती कशी होणार, सांगा!

त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजात मुंबईहून एक बाई आल्या. कॅन्सरच्या उपचारात रुग्णांचे केस जातात, त्यांच्यासाठी दान मिळालेल्या केसांचे टोप करतात, असं त्या सांगत होत्या. मी पहिल्या पाच मिनिटांतच पेटले. पुढचं काही ऐकू आलं नाही, कारण मी उभी राहून बोलत होते.

‘‘बाई, शनिवारपर्यंत मी अकरा वेण्या आणून देते!’’

टाळ्या पडल्या. अकराच का? दहा म्हणावंसं वाटलं होतं, पण दहा जरा कमी वाटल्या.

बाईंनी हातात एक माहितीपत्रक दिलं. ते मी वाचलं नाही. ज्याला विषय कळलाय त्यानं वाचत कशाला बसायचं? घरी येऊन चहाचा कप त्यावर ठेवला.

तुम्हाला वाटेल, पहिली वेणी हिचीच असणार. नाही. दोनच महिन्यांपूर्वी मी हुबळीला जाऊन केस कापून आले होते. मुलांसारखे, कानाच्या वर. त्यावरून अक्का माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हती. तो आठवडा फार सुखात गेला. तर, द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून मी दुसऱ्यांना द्यायला लावायचं ठरवलं. समाजसेवा बहुधा अशीच सुरू होते.

मंगळवारी अप्पा आणि अक्का अळणावरला वास्तुशांतीला गेले, ते संध्याकाळी परतणार होते. मैदान मोकळं. मी फाटकापाशी टेबल मांडलं. वर फलक लावला, मराठीत आणि कन्नडमध्ये: ‘केस द्या’. बस्स. फलक थोडक्यात असावा असं माझं मत होतं. आणि वेण्या स्वच्छ राहाव्यात म्हणून अक्काचे तीन स्टीलचे डबे आणून टेबलावर ठेवले. घासूनपुसून, उन्हात लखलखत.

इथं एक गोष्ट तुमच्या कानावर घालायला हवी. गल्लीत ती सगळ्यांना माहीत होती. मलाही माहीत होती, त्या दिवशी आठवली नाही इतकंच. आमच्याकडे दर बुधवारी दुर्गव्वा यायची. डोक्यावर बुट्टी, बुट्टीत स्टीलची नवी भांडी. ‘कूदलाऽऽ’ अशी हाळी द्यायची, म्हणजे केस. बायका विंचरताना निघालेलं गुंतवळ महिनोन्‌महिने पिशवीत साठवून ठेवायच्या. ते दुर्गव्वाला द्यायचं आणि तिच्याकडून भांडं घ्यायचं. गुंतवळ थोडं असेल तर वाटी, पुष्कळ असेल तर डबा. माझ्या जन्माआधीपासून हे असंच चाललं होतं.

समोरच्या सरदेसाईकाकू पहिल्या आल्या. फलक वाचला. डब्यांकडे बघितलं. एक डबा उचलून बोटानं वाजवून बघितला.

‘‘तू करायलीस होय ग वैजू हे?’’

‘‘होय काकू. कुणीतरी सुरुवात करायला हवी.’’

‘‘बरं झालं बाई. घरचं माणूस असलेलं केव्हाही चांगलं.’’ मग डबा छातीशी धरून म्हणाल्या, ‘‘केस घरात आहेत. उद्या आणून दिले तर चालतील? डबा आत्ता नेऊ?’’

काकूंची सुमा म्हणजे गुडघ्यापर्यंत वेणी असलेली मुलगी. त्या वेणीवर माझा पहिल्यापासून डोळा होता. आणि ती न मागता येत होती! डब्यातून, स्वच्छ!

‘‘न्या की! त्यासाठीच ठेवलाय!’’

काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. अर्ध्या तासात उरलेले दोन डबेही गेले. लोक म्हणतात, बायका केसांना जपतात. कुठं जपतात? मागच्या गल्लीतल्या बायकाही यायला लागल्या. ‘केस आहेत, उद्या देते,’ म्हणायच्या आणि टेबलाकडे बघायच्या. टेबल रिकामं. मग मी काय करणार? स्वयंपाकघरात गेले. रव्याचा डबा रिकामा केला, रवा वर्तमानपत्रावर ओतला. मग पोह्यांचा. मग साखरेचा. डबे संपले तेव्हा पातेली काढली. एका बाईंनी परात मागितली.

‘‘परातीत वेणी?’’ मी विचारलं.

‘‘आमच्याकडे पुष्कळ केस आहेत,’’ त्या म्हणाल्या.

मी भारावून परात दिली.

संध्याकाळी अक्का आली आणि चहा करायला आत गेली. फडताळाची दारं एकामागून एक उघडल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली.

‘‘वैजू, चोरी झाली काय ग?’’

‘‘नाही अक्का. भांडी समाजकार्याला गेलीत. उद्या परत येतील, वेण्यांसकट.’’

‘‘किती?’’ अप्पांनी विचारलं.

‘‘सतरा.’’

अप्पांनी खिशातलं पेन काढलं. फॉर्मकडे बघितलं. पेन पुन्हा खिशात ठेवलं. ‘‘उद्या,’’ म्हणाले. वकील माणूस, पुरावा डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही कशी करील? अळणावरहून बांधून आणलेल्या चिरोट्या आम्ही तिघांनी कागदावरच खाल्ल्या. अक्का अर्धी चिरोटी तशीच ठेवून झोपायला गेली. म्हातारी माणसं बदलाला घाबरतात, असं मी मनात म्हटलं.

बुधवारी सकाळी सरदेसाईकाकू हातात फुगलेली पिशवी घेऊन आल्या. त्यांच्या मागं बाकीच्या सोळाजणी, पिशव्या घेऊन.

‘‘घे,’’ काकू म्हणाल्या. ‘‘वर्षाचं आहे. माझं, सुमाचं आणि सासूबाईंचं पण.’’

मी पिशवी उघडली. आतून केसांचा एक गोळा निघाला. त्यात एक आकडा आणि कंगव्याचे दोन दात.

‘‘काकू, हे काय?’’

‘‘केस.’’

‘‘आणि सुमाची वेणी?’’

‘‘सुमाची वेणी सुमाच्या पाठीवर. आणखी कुठं असणार?’’

‘‘आणि डबा?’’

‘‘डब्यात डाळ भरली.’’

दुसरी पिशवी उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच. मी टेबलावर उभी राहिले आणि भाषण केलं. कॅन्सर, उपचार, टोप, त्या बायकांचं दुःख, सगळं सांगितलं. आधीच सांगायला हवं होतं, हे आता मलाही कळतं. बायकांनी मन लावून ऐकलं. दोघींनी पदरानं डोळे पुसले. मग त्यातलीच एक म्हणाली, ‘‘फार वाईट ग बाई. पण परात आता आमचीच ना?’’

‘‘अहो, ती भांडी अक्काची आहेत! नाव घातलंय त्यांच्यावर!’’

‘‘नावाचं काय घेऊन बसलीस?’’ सरदेसाईकाकू म्हणाल्या. ‘‘आमच्या घरात एका तांब्यावर हणमंतराव लिहिलंय. कोण हणमंतराव? आम्हाला ठाऊक नाही. पाणी राहतंय की त्यात.’’

आणि नेमकी तेव्हाच कोपऱ्यावरून हाळी आली, ‘‘कूदलाऽऽ!’’

दुर्गव्वा सगळी गल्ली फिरून आली होती. एकाही घरात तिला केस मिळाला नव्हता. दर दारात एकच उत्तर: वकिलांच्या पोरीला दिले. तिनं बुट्टी आमच्या फाटकापाशी उतरवली. पिशव्या बघितल्या, फलक बघितला, मग मला बघितलं. पुढचं बोलणं कन्नडमध्ये झालं. तुमच्यासाठी मराठीत सांगते.

‘‘कधीपासून धंदा करतेस, यव्वा?’’

‘‘कालपासून,’’ मी म्हटलं. म्हणजे, धंदा नाही म्हणायचं होतं, पण तोंडातून तेच आलं.

‘‘मी तीस वर्षं करतेय. या गल्लीवर माझं बुधवारचं पोट आहे. तू शिकलेली, तुला दुसरं काही मिळेल. मला काय मिळणार?’’

मी टेबलावरून खाली उतरले.

तेवढ्यात अक्का बाहेर आली. ती तिच्या शाळेच्या आवाजात बोलली.

‘‘दुर्गव्वा, हे सगळे केस तुझे. तू घे आणि यांना तुझी भांडी दे. आणि तुम्ही सगळ्या, माझी भांडी पाच मिनिटांत इथं आणून ठेवा. सरदेसाई, हसायचं नाही.’’

दुर्गव्वानं प्रत्येक पिशवी हातात तोलून भांडी दिली. बायका कुरकुरल्या. ‘वकिलांच्या घरचं स्टील जाड होतं,’ म्हणाल्या. पण भांडी परत आली. आणि रिकामं भांडं परत देऊ नये म्हणतात ना? सरदेसाईकाकूंच्या डब्यात डाळ तशीच होती. पातेल्यात गूळ होता, परातीत मिरच्या होत्या. माझ्या पहिल्या मोहिमेत मी फायद्यात राहिले, ते एवढ्याचपुरतं.

निघताना दुर्गव्वा माझ्या डोक्याकडे बघत थांबली. हो, तेव्हाही सगळे डोक्याकडेच बघायचे.

‘‘तुझे केस कुठं गेले?’’

‘‘हुबळीला कापले. पार्लरात.’’

‘‘लांब होते?’’

‘‘कमरेपर्यंत.’’

‘‘त्यांनी काय दिलं तुला?’’

‘‘त्यांनी काय देणार? मीच पैसे दिले.’’

‘‘अय्य शिवने!’’ दुर्गव्वा मटकन खालीच बसली. ‘‘केसही दिलेस आणि वर पैसेही तूच दिलेस?’’

सतरा बायका हसल्या. फाटकात उभे असलेले अप्पाही हसले, पण त्यांनी ते खोकल्यात घातलं. दुर्गव्वानं डोळे पुसले आणि बुट्टी डोक्यावर घेतली.

‘‘बोलतेस चांगलं,’’ ती म्हणाली. ‘‘अमरगोळच्या बाजूला मला माणूस पाहिजे, येणार असशील तर सांग. फक्त, केस हातात आल्याशिवाय भांडं सोडायचं नाही. एवढं शीक.’’

मी आत जाऊन बसले. शनिवार तीन दिवसांवर. वेण्या अकरा. जमलेल्या शून्य. पुणं गेलं.

अक्का समोर येऊन बसली. हातात ते माहितीपत्रक. त्यावर मी ठेवलेल्या कपाचा गोल डाग.

‘‘हे वाचलंस?’’

मी तो डाग बोटानं पुसायला लागले.

‘‘वेणी निदान बारा इंच. कापलेली. दोन्ही टोकं बांधलेली. गुंतवळ चालत नाही. पांढरे केस चालतात.’’ तिनं चष्मा काढला. ‘‘सगळ्या गल्लीकडे केस मागितलेस. मला का नाही मागितलेस?’’

‘‘तू दिले नसतेस.’’

‘‘विचारलंस?’’

‘‘पण अक्का, तुझे... म्हणजे... पांढरे...’’

‘‘म्हणजे? कॅन्सर फक्त काळ्या केसांच्या पोरींनाच होतो काय? माझ्या वयाच्या बाईला काळाभोर टोप घातला तर नातवंडं ओळखायची नाहीत तिला.’’

आणि तिनं अंबाडा सोडला. इतकी वर्षं त्या घरात राहून तिची मोकळी वेणी मी कधी बघितली नव्हती. कमरेच्या खाली, पांढरी शुभ्र.

‘‘अक्का, माझ्या केसांवरून तू आठवडाभर बोलली नव्हतीस.’’

‘‘कापलेस म्हणून नव्हे. फेकून दिलेस म्हणून. कातर आण. का तीही कुणाला दिलीस?’’

कातर होती. दोन्ही टोकं बांधली. मी कातर लावली.

‘‘सरळ काप,’’ अक्का म्हणाली. ‘‘तुझ्यासारखं नको.’’

शनिवारी कॉलेजात मी अकरा वेण्यांच्या जागी एक वेणी दिली. टाळ्या पडल्या नाहीत. मुंबईच्या बाईंनी वेणी हातात घेतली, दोन्ही टोकांच्या गाठी तपासल्या आणि विचारलं, ‘‘कुणाची?’’ मी म्हटलं, ‘‘माझ्या अक्काची.’’

त्या संध्याकाळी अप्पांनी फॉर्म ओढून घेतला. ‘‘गल्लीकडून तुझं काम झालं नाही,’’ म्हणाले. ‘‘पण अक्काकडून झालं. ते जास्त अवघड.’’ आणि सही केली. मग त्यांना ‘समाजकार्याचा अनुभव’ हा रकाना दिसला. मी तो कोरा ठेवला होता. वकिलाला कोरा रकाना सहन होत नाही. त्यांनी त्यांच्या वळणदार अक्षरात तो भरला: ‘एक वेणी जमवली. स्वतःची नव्हे.’

पुण्याला मुलाखतीला गेले. तिथल्या बाईंनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. त्या रकान्याशी थांबल्या. चष्मा खाली घेतला, माझ्या डोक्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या,

‘‘हं. ते दिसतंच आहे.’’