वारसाच्या हातातला दोर

विमेवाल्याला तो पाणबुड्या खरा कळला होता, असं म्हणण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांत जेमतेम पाच-सहा भेटी. तो चहात साखर किती घेतो, हेसुद्धा विमेवाल्याला कधी कळलं नाही. एवढं मात्र माहीत होतं की धरणाच्या दरवाजांत अडकलेले ओंडके बुडी मारून मोकळे करणं हे त्याचं काम, आणि तीन विमा कंपन्यांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं.

"कंपनी बुडायला घाबरते आणि हे रोज बुडतात," त्याची बायको पहिल्याच भेटीत हसत म्हणाली. हसताना ती विमेवाल्याच्या जरा डावीकडे बघत होती. तिचे डोळे जात चालले होते. मूलबाळ नव्हतं, माहेरही उरलं नव्हतं.

"मी नसलो तर हिला कोण बघणार?" पाणबुड्या म्हणाला. "तेवढं करा, साहेब. मला दुसरं काही नको."

चौथी कंपनी विचार करायला तयार झाली; पण विमेवाल्याने आधी काम स्वतः बघून अहवाल द्यायचा होता.

म्हणून एका सकाळी तो धरणाच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला. वारा नव्हता. पाणी इतकं गप्प होतं की खाकरायचीही चोरी वाटावी. पाणबुड्याने पाठीवर हवेचं नळकांडं चढवलं, कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक बायकोच्या हातात दिलं. खालून एक हिसका आला तर 'ठीक आहे', दोन आले तर 'आणखी दोर सोड', तीन आले तर 'वर ओढ'. आणि एका हिसक्याला वरून एका हिसक्याचं उत्तर द्यायचंच.

"पण वहिनी, तुम्हाला नीट दिसत नाही..."

"पाण्याखाली कुणाला दिसतं, भाऊ? हे हाताचं काम आहे."

अर्ध्या तासाने तीन हिसके आले. पाणबुड्या वर आला, कमरेची गाठ सोडून पायरीवर अंग पुसत बसला. दोराचं मोकळं टोक पुन्हा पाण्यात घसरलं.

"मी गोळा करतो," विमेवाला म्हणाला. कुठेतरी हात लावावा म्हणून.

चार हात दोर आला आणि ताठ झाला. मग खालून एक हिसका आला. सावकाश, ओळखीचा.

"अडकला वाटतं," तो म्हणाला.

"उत्तर द्या, भाऊ."

"अहो, पण हे तर वर आलेत!"

"हे आले," ती म्हणाली. तिने दोर त्याच्या हातातून घेतला, हलकेच एक हिसका दिला आणि थांबली. दोर सैल पडला. पाणबुड्या पाठ फिरवून टॉवेल पिळत होता.

परतताना वाटेत तोच बोलला. "बारा वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ इथेच पाण्याखाली राहिला. दोर माझ्या हातात होता. त्याने हिसका दिला तेव्हा मी विडी पेटवत होतो. म्हटलं, देऊ उत्तर सावकाश. नंतर दोर हलकाच वर आला. तेव्हापासून ही उत्तर देते. मिळालं की तो गप्प बसतो."

"आणि नाही मिळालं तर?"

"तशी वेळ हिने येऊ दिली नाही."

अहवालात याच्यासाठी रकाना नव्हता. विमेवाल्याने जे लिहिता येईल ते खरं लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं: विम्याचे पैसे जिला मिळणार, तिच्याच हातात दोर चालणार नाही. धड डोळ्यांचा दुसरा माणूस हवा.

पाणबुड्याने दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाला. बायको चार दिवस त्याच्याशी बोलली नाही.

नवा दोरवाला धरणाच्या वर्कशॉपमधला होता. दणकट, सतत शीळ घालणारा. विमेवाल्याने त्याला एक, दोन, तीन सगळं समजावलं. आणखी एक गोष्ट त्याच्या अगदी ओठावर आली होती. पण शिकलेल्या माणसाने असलं बोलावं कसं, हा हसेल, म्हणून त्याने ती गिळली. पाणबुड्या सांगेलच, असं त्याने मनाशी धरलं.

चौथ्या बुडीनंतर दोर गोळा करताना दोरवाल्याला खालून एक हिसका लागला. "मासा दिसतोय," म्हणून तो हसला आणि दोर ओढून घेतला. हे त्यानेच पुढे सगळ्यांना सांगितलं. पाचव्या बुडीला दोर हलका आला. तुटला नव्हता. गाठ कुणी सावकाश सोडवावी तशी सुटली होती.

कंपनीने कुरकुर न करता सगळे पैसे दिले. विमेवाला कागद घेऊन गेला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "त्या दोरवाल्याला सगळं सांगितलं होतंत ना, भाऊ?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. ती तिला दिसली नसणार, हे घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं.

अजूनही ती सकाळी पायरीवर बसते, दोराचं टोक पाण्यात सोडून. एकदा उत्तर देते. थोडी थांबते. मग पुन्हा एकदा देते.

पाणबुड्याशी विमेवाल्याचं शेवटचं बोलणं झालं ते पॉलिसी त्याच्या हातात दिली त्या दिवशी. पोच म्हणून सही करून तो दारापर्यंत सोडायला आला आणि पेन पुढे केलं.

"तुमचं पेन राहिलं."

"असू दे तुम्हाला."

"नको, साहेब. माझ्याकडे भिजेल."