उतारावरचा न्यूट्रल

दुष्काळाच्या त्या वर्षी छावणीतल्या जनावरांना पाणी वाहायला आमच्या सोसायटीने एक लहानसा ट्रॅक्टर घेतला. त्याला क्लच नव्हता. उजव्या पायाखाली पेडल. दाबलं की ट्रॅक्टर पुढे जाणार, हलकं सोडत गेलं की मंदावत जागीच थांबणार. गावातल्या पट्टीच्या ड्रायव्हरांचा डावा पाय मात्र नसलेला क्लच शोधत राहायचा. मला आधीचं काहीच येत नव्हतं, म्हणून मी चार दिवसांत शिकले. चेअरमननी काम मला दिलं, पण सोबतीला माझे थोरले दीर दिले. उभा जन्म मोठा ट्रॅक्टर चालवलेला माणूस आता माझ्याशेजारी चाकावरच्या पत्र्यावर बसून यायचा. ते त्यांना सोसत नव्हतं आणि मलाही.

विहीर धारूरच्या डोंगराकडे, छावणी उताराच्या पायथ्याला. उतार लागला की आमच्याकडे सगळेच न्यूट्रल करतात, डिझेल वाचतं म्हणून. न करणारा अडाणी ठरतो. या ट्रॅक्टरला ते चालत नाही, न्यूट्रल केलं की पेडलचा चाकांवरचा धरच सुटतो, उतारावर गिअरच्या दांडीला हात लावायचा नाही, असं शिकवणाऱ्याने मला बजावलं होतं. पण त्या सकाळी दीर म्हणाले, "न्यूट्रल मार की. कावून फुकट डिझेल जाळती?"

थोरल्या दिरांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. ट्रॅक्टर थांबवला, दांडी न्यूट्रलला ओढली आणि ब्रेक सोडला.

दहा-बारा पावलं बरं वाटलं. मग मागच्या ट्रॉलीतली पाण्याने भरलेली टाकी ढकलायला लागली. मी पेडलवरचा पाय उचलला, काही फरक नाही. ब्रेक दाबला तर चाकं घसरत गेली आणि ट्रॉली तिरकी व्हायला लागली. दांडी परत गिअरमध्ये पडेना. खाली कोरड्या हौदाभोवती बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, आदल्या संध्याकाळपासून तहानलेली जनावरं दावी ओढत होती. माझ्या हातून माणूस मरणार, एवढंच मला कळत होतं.

"उडी मारा," मी दिरांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. ते उडी मारून बाजूला पडले आणि मी स्टिअरिंग डाव्या हाताच्या नांगरटीत घातलं. ढेकळांत चाकं रुतली, ट्रॉली कलंडली. टाकीचं झाकण उडालं आणि सगळं पाणी भेगांमध्ये गेलं. मला खरचटलंसुद्धा नाही.

छावणीतली माणसं धावत आली. न्यूट्रल कुणी केलं, असं चेअरमननी विचारलं. दीर गुडघ्याची माती झटकत राहिले. मला इतका राग आला की भीती विसरले. "हात माझा व्हता, सांगणं ह्यांचं," मी म्हणाले. "जनावरं तहानलेली हायत. ट्रॉली उभी करून द्या, मी एकटी जाते." बायका पदराआड एकमेकींकडे बघू लागल्या.

पुढची खेप मी मुंगीच्या चालीने उतरवली. दांडीला हात लावला नाही, पाऊल पेडलवरच ठेवलं. हौदापाशी पोचले तेव्हा दीर पाइप धरून उभे होते. पाणी पडायला लागलं, बैलांची तोंडं हौदात गेली. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "उताराला पाय कसा धरती तू?"

मी त्यांना सीटवर बसवलं आणि दाखवलं.