पुढच्या सीटवरचा टेप

गाडी ही मुळात टेप वाजवण्यासाठी बनवलेली वस्तू आहे आणि जागा उरली तर तिच्यात माणसंही बसू शकतात, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या अंबरनाथमध्ये एकच असेल, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहतो. बुवापाड्यात आमची आणि काकांची भिंत एक. त्यामुळे त्यांच्या कॅसेटी मी जेवताना ऐकल्या, अभ्यास करताना ऐकल्या, आणि बारावीच्या पेपरात ताळेबंद जुळत नव्हता तेव्हा एक गवळण डोक्यातून जाता जात नव्हती. कॅसेटी ते उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून किलोवर आणायचे. त्यांत भजनं असत, कोळीगीतं असत, कुणाच्या तरी लग्नातली मंगलाष्टकं असत आणि सिंधी गाणीही असत. सिंधीतलं काकांना एक अक्षर कळत नाही. मी तसं म्हटलं तर म्हणायचे, "कळायला कशाला पाहिजे? तो जीव लावून गातोय ना?"

त्यांची जुनी गाडी एमआयडीसीत सकाळच्या पाळीला जाणाऱ्या बायकांसाठी चालायची. पॅकिंग खात्यातल्या मावश्या तिच्यात दाटीवाटीने बसायच्या. काका अंतर किलोमीटरमध्ये मोजत नसत. कंपनीचं गेट म्हणजे तीन गाणी, बदलापूर म्हणजे कॅसेटची एक बाजू. कुठवर आलात असं फोनवर विचारलं की "दुसरं संपत आलंय" असं उत्तर मिळे आणि मावश्यांना ते बरोबर समजे. गाणं मात्र मध्येच तोडायचं नाही. गेट आलं तरी कडवं संपेपर्यंत कुणी दाराला हात लावायचा नाही. एकदा एक मावशी सरळ म्हणाली, "काका, तुमच्या गवळणीपायी मला लेट मार्क लागतो. बंद करा, नाहीतर उद्यापासून मी रिक्षाने जाते." काका म्हणाले, "जा की. रिक्षावाला काय ऐकवतो ते मला पण सांग." दुसऱ्या दिवशी ती गाडीतच होती, आणि गेटच्या अलीकडे काकांनीही मुकाट्याने टेप बंद केला. भांडण गाडीत सुरू व्हायचं आणि गाडीतच मिटायचं.

पुढे ती गाडी भंगारात गेली. काकांच्या मुलाने कर्ज काढून नवी घेतली आणि मोबाईलवरून भाडी देणाऱ्या एका कंपनीला वडिलांच्या नावाने लावली. मावश्यांच्या फेऱ्या सुटल्या. गाडी दारात आली त्या दिवशी पेढा तोंडात टाकण्याआधी काकांनी वाकून कॅसेट घालायची जागा शोधली. तिथे नुसती स्क्रीनची काच होती. मला सोबत घेऊन ते उल्हासनगरला गाड्यांत टेप बसवणाऱ्या एका सिंधी दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "चाचा, अभी किसी गाडी में कॅसेट नहीं आता. सीडी भी गया. पेन ड्राइव्ह लगाओ, हजार गाने." काका म्हणाले, "हजार का क्या करू? आदमी एक टायम पे एकच सुनता है ना." शेवटी घरातला जडच्या जड टेप त्यांनी गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला. गाडी लगेच टूं टूं करायला लागली, कारण सीटवर वजन होतं आणि पट्टा लावलेला नव्हता. काकांनी टेपला पट्टा लावला, तशी ती गप्प झाली. "बघ, गाडीला पण पटलं," म्हणाले. तेव्हापासून टेप पुढे आणि प्रवासी मागे.

प्रवासी बहुतेक शिरगावकडच्या नव्या इमारतींतले. ते भांडत नसत. काका स्वतःहून विचारायचे, "आवाज मोठा होतोय का?" त्यावर "नाही नाही अंकल, मस्त आहे" असं उत्तर यायचं. कुणी पट्टा लावलेल्या टेपचा फोटो काढायचा, हसून उतरायचा. काकांना वाटायचं, आपली गाडी लोकांना आवडतेय. घरी येऊन ते तसं सांगायचेही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे शेजारीपाजारी कुणालाही इंग्रजीत काही आलं की मोबाईल माझ्याकडे येतो. काकांचाही आला. प्रवाशांच्या तक्रारींमुळे तुमचं खातं कायमचं बंद केलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. काकांनी विचारलं, "कुणाची तक्रार?"

"ते लिहिलेलं नाही, काका."

"मग विचार ना. तुला येतं की लिहायला."

मी विचारलं. तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे, असं उत्तर क्षणात आलं. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही तेच आलं. काका मग ओट्यावर बसून एकेक प्रवासी आठवू लागले. "ती शाळेतली बाई नसणार. तिने डोळे मिटून ऐकलं. तो चष्मेवाला? त्याने तर थँक्यू म्हणून हात मिळवला." असं करत त्यांनी सगळ्यांना सोडून दिलं आणि मग पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांवर संशय घेतला. "तोंडावर सांगितलं असतं तर बंद केला असता रे मी," म्हणाले. कॉलेजात आम्हाला ग्राहकाच्या समाधानावर एक अख्खा धडा आहे. मला त्यात चांगले गुण पडले होते. त्यातलं एकही वाक्य मला काकांना सांगता आलं नाही.

आता गाडी मुलगा चालवतो, स्वतःच्या नावावर. टेप त्याने पहिल्याच दिवशी घरात आणून ठेवला. "हप्ता भरायचाय बाबा," एवढंच म्हणाला. मुलगा वाईट नाही. म्हणूनच राग नक्की कुणाचा करायचा ते मला अजून समजत नाही. काकांना तर तो करताच येत नाही, कारण त्यांना भांडायला समोर माणूस लागतो.

परवा सकाळी कॉलेजला निघालो तर काका नाक्यावर उभे होते. मावश्या रिक्षात कोंबून बसत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "काय काका, नवी गाडी घेतलीत आणि आम्हाला विसरलात?"

"गाडी आहे गं. ड्रायव्हर बदललाय."

ती हसली. तिला ती थट्टा वाटली. काका वाकून रिक्षावाल्याला म्हणाले, "पुढे मोठा खड्डा आहे, डाव्या अंगाने घे. बायका आहेत आत." त्याने न बघताच मान हलवली. रिक्षा वळणापलीकडे गेली तरी काका भर रस्त्यात उभे राहून तिकडेच बघत होते. मागून एका गाडीने जोरात हॉर्न दिला. काका दचकून कडेला झाले आणि आत कोण आहे ते दिसत नव्हतं तरी त्यांनी त्या काळ्या काचेकडे बघून हात जोडले.