आई गेल्याचा निरोप

माझं आयुष्य पेटी वाजवण्यात गेलं. पेडण्यातल्या जत्रा, सप्ताह, हौशी नाटकं, जिथून बोलावणं येई तिथे मी साथीला जायची. शाळेतली नोकरी संपल्यावर देवळाच्या सभागृहात बायकांना भजन शिकवू लागले. कुणीही यावं, असं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

ते ऐकून एक बाई आली. बेळगावकडची, नवरा तुयेच्या कारखान्यात. दाराशी बसली, आणि सगळ्या गाऊ लागल्या तशी तीही गाऊ लागली. माझी बोटं क्षणभर पेटीवर थांबली. शिकून येत नाही असा गळा होता तो. बाकीच्यांनी वळून पाहिलं. मंडळाची प्रमुख, जी आजवर पुढे बसून गायची, तिने मात्र पाहिलं नाही.

त्या दिवसापासून बेळगाववालीच्या बोलण्यातल्या 'की वो'ची नक्कल होऊ लागली. ती पाणी प्यायली की तांब्या दोनदा विसळला जाई. ती हसत असे. तिला वाटे, बायका थट्टा करतात म्हणजे आपलं मानतात.

डिचोलीला भजनस्पर्धा ठरली. मुख्य अभंग बेळगाववालीने गायचा, असं मी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

स्पर्धेच्या सकाळी गाडीत ती नव्हती. प्रमुख म्हणाली, "तिच्या घोवान नाय म्हटला." फोन तिच्या नवऱ्याकडे असे आणि पाळीवर असताना तो बंद. मी दोनदा लावून पाहिला, मग गाडी सोडायला सांगितली. प्रमुखाने अभंग गायला. दुसरं बक्षीस मिळालं. परतताना गाडीत बायका फार खुशीत होत्या. माझ्याकडे बघून कुणी कुणाला कोपराने ढोसत होतं. ते बक्षिसामुळे असेल असं मला वाटलं.

हळर्णला घरी पोचले तर पडवीत आईशेजारी बेळगाववाली बसलेली. डोळे सुजलेले. पुढ्यात चहा तसाच, बशीतल्या उंड्या-पावाला हातही लावलेला नाही.

आई म्हणाली, "ही माका रडाक इली."

मला कळेना. मग बेळगाववालीनेच सांगितलं. आदल्या संध्याकाळी मंडळातल्या दोघी तिच्या खोलीवर गेल्या होत्या. "बाईंची आई गेली, स्पर्धेला आपण कुणी जात नाही," म्हणाल्या. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून ती सकाळी उठून भाकऱ्या आणि झुणका बांधून बसने आली. आईला तिने कधी पाहिलं नव्हतं. दार आईनेच उघडलं, आणि तिने रडत विचारलं, "बाईंच्या आईला कधी नेलं वो?"

"खंय नेतले?" आई म्हणाली. "मी हयच आसंय."

आधी आई हसली. समोरची बाई दारातच खाली बसली तेव्हा तिचं हसू गेलं. मग दिवसभर आईने तिला जाऊ दिलं नाही.

"जित्या माणसासाठी रडले मी," ती मला म्हणाली. "काही वाईट व्हायचं नाही ना बाई?"

"काही होत नाही."

तिचं लक्ष माझ्या हातातल्या ढालीकडे गेलं. "नंबर आला?"

"दुसरा."

"चांगलं झालं की वो," ती म्हणाली, आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

पुढच्या वर्गाला मी पेटी उघडली नाही. प्रमुखाला सगळ्यांदेखत विचारलं. ती अजिबात गडबडली नाही.

"मस्करी गे बाई. देवळाचा नाव आमचा, आणि फुडे घाटीण बसतली?"

"मग माझ्या आईलाच का मारलंत?"

"दुसऱ्या कोणाक मारला असता तर ती स्पर्धेक येवची रवली नसती. तुमची आई म्हणान रवली."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. ज्यांना मी सा लावायला शिकवलं होतं, त्यातलीच कुणीतरी. बेळगाववालीची माफी मागितल्याशिवाय मी शिकवणार नाही, असं सांगून उठले. काही दिवसांत समितीचा निरोप आला की सभागृह दुसऱ्या कामाला हवं आहे. ते दुसरं काम म्हणजे नवे मास्तर. मंडळ अजून स्पर्धांना जातं आणि बक्षिसं आणतं.

मी पेटी उचलून तुयेला नेली. कामगारांच्या खोल्यांपुढच्या ओसरीवर वर्ग सुरू केला. कोल्हापूरच्या, बेळगावच्या बायका येऊ लागल्या. बेळगाववाली मात्र खोलीच्या दारातून ऐकायची. मी चारचौघींत बोलावलं, एकटीलाही बोलावलं. "गळा बसलाय," एवढंच म्हणायची. मी समोर नसले की चांगली मोठ्याने बोलायची, हे मला ठाऊक होतं.

एके दिवशी आपल्या मुलीला हाताला धरून आली.

"हिला पेटी शिकवा बाई. गाणं नको."

"का गं?"

"गाणारणीकडं सगळे बघतात. पेटीवाली आपली बाजूला बसती."

समोर पेटीवालीच बसली आहे, हे बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं असावं. ती ओशाळली नाही. मी मुलीला पेटीपुढे बसवलं.

मुलीला मी पेटी शिकवते. बोटं हलकी आहेत तिची. सूर दाबताना नकळत तिचे ओठ उघडतात, घशातून बारीकसा आवाज निघतो. मग ती दारात उभ्या असलेल्या आईकडे बघते आणि ओठ मिटून घेते.