अक्कांच्या चेहऱ्याची राखण

आमच्या घरमालकीणबाईंइतकी शूर बाई मी बंगळूरात दुसरी पाहिली नाही, आणि इतकी भित्रीही. न्हाणीघरात निघालेला साप त्यांनी एकटीने मुसळाने मारला आणि हात धुऊन अर्धवट राहिलेले ताक घुसळायला बसल्या. कौलांवर चढलेल्या चोराला त्यांनी कन्नड, मराठी आणि वेळेला आठवेल तेवढ्या तमिळमध्ये असे काही सुनावले, की बिचाऱ्याने उतरायला त्यांच्याकडेच शिडी मागितली. पण हीच बाई डोळ्याच्या कडेला नवी सुरकुती दिसली की कणकेची परात तशीच टाकून अंगणात येई आणि कापऱ्या आवाजात मला हाक मारी, "अग, लवकर ये. आणखी एक आली बघ." पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी झाडू घेऊन धावले होते. मला वाटले, पाल असेल.

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले ती मल्लेश्वरमला त्यांच्याच मागच्या दोन खोल्यांत. आमचे हे सरकारी कारखान्यात नोकरीला. मालकांचे घराणे पिढ्यानपिढ्या तिथलेच. मराठी इतके जुने, की आमचे पुणेरी बोलणे त्यांना उद्धट वाटे आणि त्यांचे आम्हाला अर्धे कन्नड. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. पन्नाशी उलटलेल्या बाईने तोंडाचे एवढे चोचले करावेत याची आधी मला गंमत वाटली. नवी सून, तोंडाला लगाम नाही; मी यांच्यापाशी अक्कांची नक्कलही करून दाखवी. पण महिनाभरात कारण कळले आणि नक्कल करण्यातली मजा गेली.

मधल्या खोलीत अक्कांची आई असे. ऐंशी ओलांडलेली, अंगाने काटक, पण डोक्यातली वर्षे एकेक करून गळत चाललेली. अक्कांचा भाऊ यशवंतपूरच्या बाजारात धान्याचा व्यापार करी. एका उन्हाळ्यात त्याने सगळे दात काढून घेतले, डोक्यावरचे उरलेसुरले केसही गेले, आणि गणपतीत तो आईला भेटायला आला तेव्हा आईने पदर सावरून अक्कांना सांगितले, "या गृहस्थांना गूळपाणी दे. घरी पुरुषमाणूस नाही म्हणावं." साठीला टेकलेला तो माणूस तुळशीपाशी उभा राहून लहान पोरासारखा रडला. त्यानंतर आईच्या ओळखीचे जगात एकच माणूस उरले, ते म्हणजे अक्का. आईच्या डोक्यात अक्का अजून पस्तिशीच्या होत्या, आणि घास घ्यायचा तर त्यांच्याच हातचा. दुसऱ्या कुणी ताट पुढे केले की ती तोंड घट्ट मिटून भिंतीकडे वळे. "हा चेहरा गेला की मी पण गेले," अक्का मला म्हणाल्या. "मग ती जेवेल कुणाच्या हातून, सांग."

तेव्हापासून त्यांना जग म्हणजे सुरकुत्या पाडायला टपलेले संकट वाटे. बंगळूरचे ऊन ते काय, पुण्याच्या माणसाला चांदण्यासारखे. पण अक्का झाडांच्या सावलीतूनही छत्री उघडून चालत, आणि बाजारात भाजीवाल्या "स्वल्प सरका अक्का, डोळा फुटंल माझा" म्हणून ओरडत. डिसेंबरातला कोरडा वारा कातडी ओढतो म्हणून त्या नाकापर्यंत पदर घेऊन बसत. चुलीशी बसताना तोंडावर ओला पंचा. फोडणीची वाफ तर त्यांना विषासारखी, म्हणून रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक येई, "अग, ये स्वल्प, मोहरी टाक." मी जाऊन मोहरी टाकायची आणि ती तडतडून शांत होईपर्यंत अक्कांनी अंगणात पाठमोरे उभे राहायचे. हसणेही त्यांनी सोडले होते, म्हणजे सोडायचा प्रयत्न चाले. मुळात स्वभाव खळखळून हसण्याचा. मग हसू आवरेना की दोन्ही हातांची बोटे गालांवर दाबून धरीत आणि पोट गदगदा हलवीत. नवख्या माणसाला वाटे, बाईंची दाढ दुखते आहे.

तोंडाला लावायच्या वस्तू किती म्हणून सांगू. रात्री साय आणि हळद, सकाळी मसुरीचे पीठ दुधात कालवून, दुपारी काकडीचे काप डोळ्यांवर, केसांना कलप, आणि सगळ्यांवर शेवटचा हात स्नो क्रीमचा. काकडीची सालेच तेवढी कोशिंबिरीला उरत. त्यांचे यजमान निवृत्त झालेले, अतिशय मवाळ गृहस्थ. ते एकदा कॉफीचा पेला हातात घेऊन मला हळूच म्हणाले, "आमच्या घरात साय तोंडाला लागते खरी, पण बाहेरून." आणि लगेच मागे वळून पाहिले, अक्कांनी ऐकले तर नाही ना.

एकदा मात्र इलाजच अंगावर उलटला. कंटोन्मेंटमधल्या एका दुकानात गोऱ्या बायका लावतात तसला रंगीत लेप मिळतो असे त्यांना कुणीतरी सांगितले. मला सोबत घेऊन त्या बसने गेल्या आणि काचेच्या कपाटामागच्या मुलीला खुणांनीच आपल्या सुरकुत्या दाखवून एक डबी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो लेप भिंत लिंपावी तसा चेहऱ्यावर लिंपला, वर भरपूर पावडर थापली आणि आईच्या खोलीत गेल्या. आईने एक नजर टाकली आणि किंचाळली, "ही नाटकातली बाई घरात कुणी घेतली?" अक्का तशाच मागे फिरल्या आणि मागच्या हौदावर तोंड घासघासून धुऊ लागल्या. मी पाणी ओतत होते. साबण तीनदा त्यांच्या हातून निसटला. लाल झालेला, निथळता चेहरा घेऊन त्या पुन्हा आत गेल्या तेव्हा आई म्हणाली, "कुठं होतीस ग? ती बाई गेली का?" त्या संध्याकाळी अक्कांनी मला शिकवले, "वय झालेल्या कातडीला पावडर म्हणजे भेगाळल्या जमिनीला चुना. जितकी लावशील तितक्या भेगा उठून दिसतील. ओल्या हातानं स्वल्प स्नो, आणि सोडून द्यायचं."

भीती शेजारणीलाही लागते हे मी तिथे शिकले. सकाळी अक्का आईच्या खोलीत शिरायच्या आधी उंबऱ्याशी थांबत, पदर नीट करीत आणि माझ्याकडे वळून विचारीत, "सरी दिसते ना?" सरी म्हणजे कन्नडात ठीक. मी मान हलवी. त्या आत जात आणि घर गप्प होई. यजमानांचे वर्तमानपत्र हालायचे थांबे, मी हातातले भांडे खाली ठेवीत नसे. आतून आईचा आवाज येई, "आलीस का?" आणि मग आम्ही सगळे श्वास सोडीत असू. हे रोज चाले. परीक्षा रोज एकच, आणि रोज वाटे की आज नापास होणार. आईपासून शेकडो मैल दूर आलेल्या मला त्या क्षणी हमखास रडू येई.

आणि मग अक्कांना विषमज्वर झाला. ताप उतरेना. डॉक्टरांनी आंघोळ बंद केली, तेल बंद केले, साय-हळदीचे तर नाव काढायचे नाही. शुद्धीवर आल्या की त्या एकच विचारीत, "ती जेवली?" आणि आम्ही सगळे धडधडीत खोटे बोलत असू. मी वाटी घेऊन गेले की आई भिंतीकडे तोंड करी. यजमानांनी एकदा अक्कांचे लुगडे खांद्यावरून घेऊन डोक्यावर पदर ओढला आणि घास पुढे केला. आई म्हणाली, "हे सोंग कुणाचं?" एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा ते स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले आणि बराच वेळ त्यांनी डोक्यावरचा पदर काढला नाही. आई ग्लानीत असताना आम्ही चमच्याने घातलेल्या दुधावर ती जगत होती. दिवसेंदिवस ती चिमत चालली. आणि हाका मारी त्याही आता लेकीला नव्हेत. "अव्वा, अव्वा" म्हणून ती रडे. अव्वा म्हणजे तिची स्वतःची आई. तिला जाऊन किती वर्षे झाली हे घरात कुणाला नीट सांगताही येईना.

अक्का उठून बसल्या तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. गाल आत गेलेले, केस झडून उरलेले पांढरेशुभ्र, कपाळापासून हनुवटीपर्यंत जाळेच जाळे. मी आरसा फडताळात कपड्यांखाली लपवला होता, पण त्यांनी पितळेच्या तांब्यात पाहून घेतले. भिंतीला धरत मधल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथेच खाली बसल्या. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

"मला नाही जमत ग," त्या कुजबुजल्या. "तिनं मलापण गूळपाणी दिलं तर?"

"अक्का, त्यांच्या पोटात इतके दिवस अन्नाचं शीत नाही," मी म्हणाले.

सापाला मारणारी बाई मऊ भाताची वाटी हातात घेऊन उठली. आई भिंतीकडे तोंड करून निजली होती. पावलांचा आवाज ऐकून तिने मान वळवली आणि ती बघत राहिली. पांढऱ्या केसांकडे बघितले, मग गालांकडे. मी दाराची चौकट घट्ट धरली होती. आईचा सुकलेला हात वर आला, त्या सुरकुत्यांवरून फिरला, आणि ती अगदी लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "अव्वा, किती ग वाट बघायला लावलीस. मला भूक लागली."

अक्का दगडासारख्या झाल्या. एकदा माझ्याकडे वळून बघितले. मग त्यांनी आईचे डोके मांडीवर घेतले, घास कालवला आणि म्हणाल्या, "चुकलंच माझं. आ कर बघू." आणि आईने आ केला. वाटीतला भात संपला, मी दुसरा आणून दिला.

दुपारी आई निजल्यावर अक्का माझ्या पायरीवर येऊन बसल्या. कितीतरी दिवसांनी अंगणात ऊन होते, त्या उन्हातच बसल्या. "तिनं मला ओळखलं नाही ग," त्या म्हणाल्या. "तिला लेक होती हेच ती विसरली. एवढं सगळं केलं मी, आणि आता तिच्यापाशी मी कुठंच नाही." मी त्यांचा हात धरला. त्या रडल्या, तोंडाची काही काळजी न करता रडल्या. मग त्यांनी नाक पुसले. "पण तिची अव्वा मिळाली तिला. सरी. जेवली ना, झालं."

मधल्या खोलीतून बारीक आवाजात हाक आली, "अव्वा." अक्कांनी गुडघ्यावर हात टेकला आणि "आले ग बाळ, आले" म्हणत त्या आत गेल्या.